परब, तुमचं गवत वाढलंय!

माझं आयुष्यभराचं काम लोकांच्या पायाखाली गेलं. आधी लग्नाच्या हॉलमधली जाजमं, मग ऑफिसांतले गालिचे आणि शेवटची चौदा वर्षं प्लास्टिकचं गवत. गिरगावपासून माहीमपर्यंत कुणाच्या गॅलरीत, गच्चीत किंवा अंगणात बारा महिने हिरवंगार, एकही पान न वाळलेलं गवत दिसलं, तर ते मी लावलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. धंद्यात मला सगळे गवतवाले परब म्हणायचे. आमच्या लालबागच्या खोलीत मात्र या पदवीला काडीचा मान नव्हता. पहिल्यांदा नमुन्याचा तुकडा घरी आणला तेव्हा आमची सौ. त्यावरून हात फिरवत म्हणाली, "गवात? गुरां खातली काय ह्या?" तो तुकडा तिने मोरीच्या दाराशी पायपुसणं म्हणून टाकला. तो अजून तिथेच आहे, आणि अजून हिरवा आहे.

हल्ली या गवतावर बंदी घालावी की नाही यावर बरीच चर्चा चालते. पेपरात लेख येतात, सोसायट्यांमध्ये भांडणं होतात. मी निवृत्त झाल्यावरच लोकांना माझ्या धंद्यातली पापं दिसायला लागली, हे माझं नशीब. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "परब, तुमची बाजू लिहा." आता माझी बाजू नेमकी कुठली, हेच मला सांगता येत नाही. म्हणून बाजू राहू दे, जे घडलं ते सांगतो.

बाहेरच्याला वाटतं, यात काय मोठंसं? सतरंजी अंथरायची तसं अंथरायचं. तसं नाही. हे गवत दोन मीटर रुंदीच्या गुंडाळ्यांत येतं आणि त्याची सगळी पाती एका बाजूला झुकलेली असतात. हा कल नेहमी घराकडे ठेवायचा. म्हणजे दारात उभं राहिलं की पाती आपल्याकडे तोंड करून असतात आणि बाग भरलेली दिसते. एक गुंडाळी चुकून उलटी लागली तर अर्धी बाग फिकी नि अर्धी गडद दिसते, आणि गिऱ्हाईक जन्मभर तेवढंच बघत बसतं. खाली माती असेल तर आधी दोन-तीन इंच उपसायची, त्यातली मुळं वेचायची, बारीक खडी पसरून ठोकून घट्ट करायची. त्यावर काळं कापड, म्हणजे खालून तण येत नाही. मग गवत. आणि दोन गुंडाळ्या जिथे भेटतात तो जोड. खरा कारागीर जोडात कळतो. मी तर गिऱ्हाइकाला आव्हानच द्यायचो, "माझ्या जोडात नख घालून दाखवा." भल्याभल्यांनी गुडघ्यावर बसून प्रयत्न केले. कुणाचं नख गेलं नाही.

गिऱ्हाइकांचे नमुने काय सांगावेत! गिरगावात एका तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना मी गॅलरीत गवत लावून दिलं. आठ दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मला फोन. "अहो, तुम्ही त्यांना सांगून गेलात की नाही, की ते गवत खोटं आहे? रोज झारीने पाणी घालतात. माझी वाळत घातलेली साडी पुन्हा भिजते." मी गेलो. आजोबा शांतपणे म्हणाले, "परब, चप्पल काढा आणि उभे राहा." मी उभा राहिलो आणि दोन सेकंदांत उडालो. एप्रिलची दुपार होती, प्लास्टिक तव्यासारखं तापलं होतं. आजोबांना वेड लागलेलं नव्हतं, त्यांचे पाय भाजत होते. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना आपणहून कधी सांगत नसे. विचारलं तर सांगायचो. पण कुणी विचारत नसे.

परळला एका टॉवरमध्ये टायगर नावाचा कुत्रा होता. पिल्लू असल्यापासून बाल्कनीतल्या माझ्या गवतावरच तो सगळे विधी उरकायचा. एकदा घरच्यांनी त्याला अलिबागला नेलं. तिथे चोहीकडे खरं गवत, पण टायगर दीड दिवस तसाच! कुंथतो, फिरतो, पुन्हा येऊन बसतो. शेवटी मालकाने मला फोन केला. जसा काही मीच त्याचा डॉक्टर. मी म्हटलं, "गाडीच्या डिकीत मी दिलेला उरलेला तुकडा आहे ना? तो अंथरा." त्यांनी खऱ्या हिरवळीच्या मधोमध तो प्लास्टिकचा तुकडा अंथरला आणि टायगरने सुटकेचा निःश्वास टाकला. आम्ही घरी यावर पोट धरून हसलो. नंतर जरा विचार केला तेव्हा तितकंसं हसू आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. दादरला एका जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर कुमुदबाई प्रधान राहतात. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा बंगळूरला. त्यांच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून उतरलं की पंधरा बाय वीस फुटांचं अंगण आहे. दादरमध्ये स्वतःची एवढी माती असणं म्हणजे काय, हे दादरकरांना सांगायला नको. रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या अंगणात उतरायच्या, अनवाणी एक फेरी मारायच्या आणि मग दिवस सुरू. एका पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. मुलाने विमानाने येऊन मागच्या दाराला कुलूप लावलं. पुढच्या श्रावणात तो पुन्हा आला तो माझा नंबर घेऊन. "परब, आईला चालता येईल असं काहीतरी करा. ती कुलपाकडे बघत चहा पिते, ते मला बघवत नाही."

काम साधं होतं. पावसात आम्ही शक्यतो माती उघडत नाही, पण मुलाची रजा चारच दिवसांची. मी माती उपसत मागच्या भिंतीपर्यंत गेलो. तिथे नळाच्या बाजूला दोन हात रुंदीचा दुर्वांचा पट्टा होता. लुसलुशीत, तीन तीन पानांच्या, अशा की फुलबाजारातही मिळायच्या नाहीत. कुमुदबाई दारातून म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंनी लावलेल्या. दर गणपतीला सगळ्या बिल्डिंगला जुड्या इथूनच जातात." मुलगा म्हणाला, "आई, आता बाजारातून आणू." त्या आत गेल्या.

गणपती पंधरा दिवसांवर होते. हातात कुदळ घेऊन मी उभा. आमच्याकडे गावी दीड दिवसाचा गणपती येतो, माझा जन्म त्याच्या पाटाखाली गेला. गणपतीच्या तोंडावर दुर्वा मुळासकट उपटून डेब्रिजच्या गोणीत भरायच्या? हात उठेना. आणि तेव्हा माझ्या सुपीक डोक्यातून एक युक्ती निघाली. उपटलं तर पाप माझं, पण नुसतं झाकलं तर ते दुर्वांचं नशीब! मी तो पट्टा तसाच ठेवला आणि त्यावर गवत ओढून घेतलं. वर शहाणपणा असा की तिथे काळं कापड घातलं नाही. का, तर दुर्वांचा जीव गुदमरू नये. वर प्लास्टिक घालून! जोड नेमका त्या पट्ट्यावरून गेला. छान बसला होता जोड. मुलाला मी नख घालून बघायला लावलं.

ज्या गणपतीसाठी मी दुर्वा उपटल्या नाहीत, त्या गणपतीला त्या कुणाला मिळाल्याही नाहीत. हे माझ्या डोक्यात यायला बरेच महिने लागले. कुलूप मात्र निघालं. कुमुदबाई पुन्हा सकाळी चहा घेऊन उतरू लागल्या आणि मुलाने मला फोन करून आभार मानले.

पुढच्या वर्षी आषाढात फोन आला. "परब, कुमुद प्रधान बोलतेय. तुमचं गवत वाढलंय."

मी हसलो. जोड सुटला, रंग उडाला, उंदराने कुरतडलं, अशा तक्रारी मी ऐकल्या होत्या. गवत वाढल्याची तक्रार कुणी केली नव्हती. गेलो. मागच्या भिंतीशी, माझ्या त्या नख न जाणाऱ्या जोडातून, दुर्वांची ओळच्या ओळ वर आली होती. इतक्या लोकांना जे जमलं नाही ते त्या कोवळ्या कोंबांनी केलं होतं. मी शरमलो. म्हटलं, "बाई, उद्या येतो, सगळं काढून नीट करून देतो. तुम्हाला काही द्यायला नको."

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. वर्गात म्हणाव्या तशा. "मुलाला कळवायचं नाही. मला इथे बसून खुडता येतात, पातळाला चिखल लागत नाही. यापेक्षा चांगली बाग मी आयुष्यात पाहिली नाही."

त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीही बिल्डिंगमध्ये घरोघर दुर्वांच्या जुड्या गेल्या. कुठून आल्या ते कुणी विचारलं नाही. आपल्याकडे प्रसाद आणि दुर्वा यांचा पत्ता विचारायची पद्धत नाही.

आणि मग आले दळवी. दळवी म्हणजे इमारतीचे नवे सेक्रेटरी, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, माणूस सज्जन आणि उत्साही. निवृत्तीनंतर उत्साह अंगात मावेनासा होतो, हे मी स्वतःवरून सांगतो. त्यांना गटाराच्या जाळीत हिरवे प्लास्टिकचे तुकडे अडकलेले दिसले. त्यांनी माग काढला. तळमजल्यावरच्या तीन अंगणांपैकी दोन अंगणांत कृत्रिम गवत. झालं, ठराव तयार: "सोसायटीच्या आवारातील घरगुती बागांमध्ये कृत्रिम गवतास बंदी करण्यात यावी." मे महिन्यात रविवारी सकाळी अकराला सभा. कुमुदबाईंनी मला फोन केला. "परब, तुम्ही या. तुम्हीच लावलंय, तुम्हीच सांगा काय ते. ते गेलं तर पुन्हा कुलूप लागेल, एवढं लक्षात ठेवा."

सभा आवारात भरली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. दळवींच्या दारावर बारा महिने प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण असतं, तेही मी येताना बघून घेतलं होतं. पण मी बोललो नाही. पाहुण्याने तोरणाबद्दल बोलू नये.

दळवींची तयारी जबरदस्त होती. "पॉइंट नंबर वन, पाणी जिरत नाही. टू, खालची जमीन डेड होते. किडा नाही, गांडूळ नाही. थ्री, हे झिजतं आणि त्याचे तुकडे समुद्रात जातात. फोर, हीट! चला, दाखवतोच." आम्ही सगळे उठून कुमुदबाईंच्या अंगणात गेलो. दळवींनी चपला काढल्या आणि भर उन्हात गवतावर उभे राहिले. त्यांना भाषण करायचं होतं, पण पहिल्याच वाक्यात ते एका पायावर आले, दुसऱ्या वाक्यात दुसऱ्या. "बघा... बघा, किती..." म्हणत नाचतच पायरीवर चढले.

कुमुदबाई म्हणाल्या, "दळवी, मी सकाळी सहाला उतरते. तेव्हा गार असतं. भर उन्हात त्यावर उभं राहायची हौस तुम्हालाच."

सगळे हसले, दळवीही हसले. मग कुमुदबाई हसत नव्हत्या असं लक्षात आलं आणि हसणं थांबलं. "मला एवढंच हवंय," त्या म्हणाल्या, "की सकाळी चहाचा कप घेऊन, कुणाचा हात न धरता, मी माझ्या अंगणात उतरावं. समुद्राचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण मी पुन्हा पडले तर मुलगा मला बंगळूरला नेईल. मला इथे राहायचंय."

दळवींनी विषय बदलावा म्हणून मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "आणि कामाची क्वालिटी बघा. जोड उसवलाय, तण आलंय वर. परब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हां."

माणसाला कशाचा राग येईल सांगता येत नाही. तिथे एका म्हाताऱ्या बाईच्या राहत्या घराचा प्रश्न चालला होता, आणि मला झोंबला तो माझा जोड. मी ताडकन म्हणालो, "जोड उसवलेला नाही! खालच्या दुर्वा मी काढल्याच नाहीत. मुद्दाम. गणपती तोंडावर होते, माझा हात उठला नाही, म्हणून नुसत्या झाकल्या. चूक झाली, पण जोडाची नाही."

"दुर्वा?" दळवी वाकले. मागून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दोन वर्षं आपल्या गणपतीला वाहतोय त्या इथल्याच. प्रधानमावशीच देतात."

दळवींनी एकदा दुर्वांकडे पाहिलं, एकदा ठरावाच्या कागदाकडे. कागदाची त्यांनी हळूच घडी केली. मला वाटलं, जिंकलो. पण कुमुदबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "परब, हे जमीन डेड होते म्हणाले, ते खरं का?"

चौदा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. आणि विचारलं तर सांगायचं, हा माझा नियम होता. आयता सापडलो.

"खरं आहे," मी म्हटलं. "तापणं खरं, झिजणं खरं. खाली काही राहत नाही."

"मग तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

मी वाकून गवताची पाती उगाच सारखी करू लागलो.

कुमुदबाईंनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. सगळ्यांच्या आधी, मोडून जुळलेला डावाच हात. "काढा. पण माझी अट आहे. पावसाच्या आत मला चालायला वाट हवी, धरायला कठडा हवा. परबांनी स्वतः येऊन काढायचं, आणि ही वाट कोण घासून ठेवणार ते आत्ता ठरवायचं. शेवाळ कुठल्याही ठरावाला भीत नाही."

"मी घासेन," दळवी म्हणाले. उत्साहात माणूस काय काय बोलून जातो! पण ठराव लिहिताना कुमुदबाईंनी ते वाक्य त्यात घालून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मी गेलो. गवत लावायला मला एक दिवस लागला होता, उचलायला तासही लागला नाही. गुंडाळी मागे सरकवत गेलो, खालचं काळं कापड ओढून काढलं. खडी काढली, माती उघडी केली. माती कसली, राखाडी ढेप. कुबट वास. कुदळीने उलटून पाहिली, एक मुंगी निघाली नाही. आपल्या हातचं काम इतक्या जवळून मी कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही लावतो आणि फोटो काढून निघून जातो.

मग भिंतीकडचा पट्टा उचलला. जोडातून वर आलेल्या दुर्वा हिरव्या होत्या, पण खाली, प्लास्टिकच्या आड, पांढऱ्याफटक दोऱ्यांचं जाळं होतं. ज्या दुर्वा जोडापासून लांब होत्या, त्या अंधारात हात-हातभर सरपटत आल्या होत्या. रंग नाही, पान नाही, नुसत्या उजेडाच्या दिशेने. काही पोचल्या होत्या. बऱ्याचशा वाटेत वाळल्या होत्या. माझं ते "झाकलं तर त्यांचं नशीब" तिथे समोर पडलं होतं. मला लाज वाटली. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. कुमुदबाई दारात होत्या, त्यांनी सगळं पाहिलं. "चहा टाकते," एवढंच म्हणाल्या.

खडबडीत शहाबादी लाद्यांची वाट मी केली आणि बाजूने पाइपचा कठडा बसवला. लाद्यांचे जोड मुद्दाम बोटभर उघडे ठेवले. जन्मात पहिल्यांदा. उरलेल्या अंगणात नवी माती आणि शेणखत घातलं, आणि वाचलेल्या दुर्वा मोकळ्या सोडल्या. दुर्वा म्हणजे हरळीची मुळीच, तिला पसरायला सांगावं लागत नाही. जुलैत लाद्यांच्या फटीफटीतून ती वर आली. दर रविवारी सकाळी दळवी काथ्याचा ब्रश घेऊन वाट घासतात आणि कुमुदबाई कठडा धरून, दुसऱ्या हातात कप घेऊन, कुठे राहिलंय ते दाखवतात. दळवींच्या दारावरचं प्लास्टिकचं तोरण अजून तसंच आहे. त्याचा ठराव अजून कुणी मांडलेला नाही.

मुलगा फोनवर माझ्याशी दोन महिने नीट बोलत नव्हता. मग एकदा येऊन आईला सहा वाजता उतरताना बघून गेला. मागच्या दाराच्या कुलपाची किल्ली इतके दिवस त्याच्याकडे होती, ती त्याने जाताना फ्रीजवर ठेवली.

बंदी असावी की नसावी? माझ्याकडे उत्तर नाही. ज्या गॅलरीत मातीच नाही तिथे मी आजही कुणाला नको म्हणणार नाही, फक्त आधी चप्पल काढून उभं राहायला सांगेन. पण जिथे खाली माती आहे तिथे माझा हात आता उठणार नाही, एवढं नक्की.

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी कुमुदबाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. दोऱ्याने बांधलेली जुडी हातात दिली. सवयीने मी मोजली. वीस निघाल्या. म्हटलं, "बाई, एक कमी आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "एकविसावी तुम्ही खुडायची. उपटायची नाही, झाकायची नाही. खुडायची."

मी चपला पायरीवर काढल्या आणि ओल्या मातीत उतरलो. गुडघे कुरकुरले. लाद्यांच्या जोडाशी वाकलो, तीन पानांचा एक कोवळा कोंब बघून नख लावलं. नख सहज आत गेलं.